व्हर्मीरची पत्र वाचणारी मुलगी : प्रतीके किती वाचायची आणि चित्रातला भाव येतो कुठून?

रेघोट्या (धागाकर्ता)

कलारसग्रहणाच्या अभ्यासवर्गात एका चित्रावर वीस मिनिटे बोलायचे आहे आणि त्याचेच टिपण लिहून द्यायचे आहे. विषय 'घरातल्या खोलीचे चित्र : प्रतीक आणि भाव'. चित्र निवडले आहे सतराव्या शतकातल्या डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचे 'उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी'. साधारण १६५७-५९, कॅनव्हासवर तैलरंग, ८३ × ६४.५ सेंमी, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या जुन्या चित्रकारांच्या संग्रहालयात आहे.

कच्चा आराखडा असा आहे : पत्र म्हणजे प्रेम. उघडी खिडकी म्हणजे बाहेरच्या जगाची ओढ. कलंडलेल्या बशीतली फळे म्हणजे ईव्हचे सफरचंद, अर्थात मोह. काचेतले प्रतिबिंब म्हणजे तिचे अंतर्मन. हिरवा पडदा म्हणजे गुपित. मोकळी भिंत म्हणजे एकटेपणा.

यातले काय टिकेल? वस्तू नुसती वस्तू आहे की प्रतीक, हे ठरवायची काही रीत आहे का? दुसरे म्हणजे, 'शांत', 'हुरहूर लावणारे' असे सगळेच लिहितात, पण तो भाव चित्रात कशामुळे येतो हे ऐकणाऱ्यांना दाखवायचे कसे? आणि तिसरे : नेटवर या चित्राची दोन रूपे दिसतात. एकात मुलीच्या मागची भिंत रिकामी, दुसऱ्यात भिंतीवर भलेमोठे चित्र. कोणते धरायचे?

---

तैलगंध

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण 'मोकळी भिंत म्हणजे एकटेपणा' हा तुमचा मुद्दा त्यावर उभा आहे आणि तो टिकत नाही. ती भिंत व्हर्मीरने मोकळी ठेवलेलीच नव्हती.

हे चित्र सॅक्सनीच्या (ड्रेस्डेन ही त्या जर्मन राज्याची राजधानी) राजसंग्रहात १७४२ मध्ये आले ते रेम्ब्रांचे म्हणून. मग आणखी एकदोन नावांवर फिरले आणि १८६२ मध्ये व्हर्मीरच्या नावावर लागले. १९७९ च्या क्ष-किरण तपासणीत भिंतीच्या रंगाखाली चौकटीतला उभा क्यूपिड (प्रेमदेवता) दिसला. तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षे सगळे धरून चालले होते की व्हर्मीरनेच तो नकोसा वाटून रंगवून टाकला. तसे वाटणे साहजिक होते, कारण हा चित्रकार रंगवलेल्या गोष्टी पुन्हा काढून टाकत असे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या 'झोपलेली मोलकरीण' या चित्रात मागच्या खोलीत आधी एक पुरुष होता आणि दारात कुत्रा होता. दोन्ही त्याने स्वतः घालवले. ड्रेस्डेनच्या चित्रातही उजव्या खालच्या बाजूला आधी एक मोठा काचेचा पेला होता. तिथे आता हिरवा पडदा आहे.

२०१७ मध्ये संवर्धनाचे काम सुरू झाले. पिवळे पडलेले व्हार्निश (रंगावर चढवलेला पारदर्शक थर) उतरवताना भिंतीच्या त्या भागात ते वेगळ्या तऱ्हेने विरघळते आहे असे लक्षात आले. मग रंगाचे अगदी बारीक नमुने काढून थरांचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. क्यूपिडचा रंग आणि वरचा भिंतीचा रंग यांच्यामध्ये व्हार्निश आणि मळ सापडला. हा पुरावा इतका पक्का का मानला गेला ते टिपणात जरूर लिहा. तैलचित्रावर व्हार्निश चढते ते रंग वाळल्यावर, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर. त्यावर मळ साचायला वर्षे जातात. वरचा रंग त्या मळावर बसला असेल तर तो चित्र पूर्ण झाल्याच्या कितीतरी वर्षांनंतरचा. व्हर्मीर १६७५ च्या डिसेंबरात वारला. क्यूपिड झाकला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

वरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली स्कॅल्पेलने कणाकणाने खरवडून काढला. चित्र नव्या रूपात सप्टेंबर २०२१ मध्ये लोकांसमोर आले. तेव्हा धरायचे ते हेच. छापील पुस्तकांतली बहुतेक सगळी चित्रे त्याआधीची आहेत, म्हणून स्लाइडसाठी प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि ती २०२१ नंतरची आहे ना ते क्यूपिडवरून तपासा.

रंगाबद्दल एक सूचना. जुन्या प्रतिमांत सगळी खोली मधाळ पिवळी दिसते आणि त्यावरून 'संध्याकाळचा उबदार प्रकाश' असे लिहिले जाते. तो पिवळेपणा व्हार्निशचा होता. साफ केल्यावर प्रकाश थंड, दिवसाचा दिसतो. फोनचा रात्रीचा मोड चालू ठेवून चित्र पाहिले तर तीच फसगत पुन्हा होते. तो बंद करूनच रंगांवर बोला.

---

उंबरठा

तैलगंध यांनी पाया घालून दिला. आता पहिला प्रश्न.

तुमच्या आराखड्यातली वाक्ये 'अमुक म्हणजे तमुक' अशी आहेत. अशी यादी कुठल्याही चित्राला लावता येते, आणि जी कुठल्याही चित्राला लागते ती या चित्राबद्दल काही सांगत नाही. वस्तूला प्रतीक म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. ती वस्तू तेव्हाच्या घरात सहज असायची का? त्या काळच्या प्रेक्षकाला तिचा तसा अर्थ ठाऊक होता याचा कुठे दाखला आहे का? चित्रकाराने तिच्यासाठी काही खास खटपट केली आहे का, म्हणजे जागा, उजेड, आकार बदलणे, काही कापणे? आणि चित्रातल्या इतर गोष्टी तिच्याशी जुळतात का? चारही उत्तरे जुळलीच पाहिजेत असे नाही, पण फक्त पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर तिला वस्तूच राहू द्या.

टेबलावरचा गालिचा घ्या. तुर्की धर्तीचा गालिचा डच घरात जमिनीवर टाकत नसत, इतका तो महाग असे, टेबलावरच अंथरत. तेव्हा गालिचा असण्यात नवल नाही. तो चुरगळून पुढे ढकललेला आहे, ते मात्र लक्षात घ्या. बशीचेही तसेच. निळी-पांढरी चिनी मातीची भांडी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येत आणि डेल्फ्टचे कुंभार त्यांची नक्कल करत. व्हर्मीरच्या डेल्फ्ट गावात कंपनीच्या सहा शाखांपैकी एक होती. (वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची आणि याच शतकातली.) बशी म्हणजे सुबत्ता, यापुढे नुसत्या बशीवरून जाता येत नाही. ती कलंडली आहे, फळे घरंगळली आहेत आणि एक पीच चिरलेले आहे, त्याची बी दिसते. हे चित्रकाराने मुद्दाम केलेले काम आहे. त्यावरून शारीरिक ओढीचा अर्थ अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो पटण्यासारखा आहे. 'ईव्हचे सफरचंद' मात्र सोडा. बशीत वेगवेगळी फळे आहेत आणि चित्रकाराने चिरून दाखवले आहे ते पीच.

उघडी खिडकी म्हणजे बाहेरची ओढ, हे कमकुवत आहे. व्हर्मीरच्या कितीतरी चित्रांत डावीकडे खिडकी आहे, कारण खोलीत उजेड तिथूनच आणायचा आहे. ही मुलगी खिडकीशी असूनही बाहेर पाहतच नाही, तिची नजर कागदात आहे. खिडकीतून रस्ता, झाड, आकाश काही दिसत नाही. ओढ बाहेरची असती तर बाहेर काहीतरी रंगवले असते.

पडदा म्हणजे गुपित, हेही असे एका शब्दात नको. पडद्याची दांडी आणि कड्या पाहा. हा पडदा खोलीतला वाटतच नाही, चित्राच्या पुढ्यात टांगल्यासारखा आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये मौल्यवान चित्रांवर धूळ आणि ऊन लागू नये म्हणून खरोखरचे पडदे लावत. व्हर्मीरने तसा पडदा चित्रातच रंगवला, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की आत्ताच कुणीतरी पडदा सारला आणि आपल्याला पाहू दिले. झ्यूक्सिस आणि पार्‍हेशियस यांच्या पैजेची ग्रीक कथा तेव्हाच्या चित्रकारांना पाठ होती : एकाने द्राक्षे अशी रंगवली की पक्षी चोच मारायला आले, दुसऱ्याने पडदा असा रंगवला की पहिला चित्रकारच तो सारायला गेला. म्हणजे या पडद्यात कारागिरीची शेखी आहे, आणि आपण डोकावतो आहोत ही जाणीवही आहे. 'गुपित' म्हणण्यापेक्षा हे लिहिलेत तर ऐकणाऱ्यांना पडदा दिसेल.

आता क्यूपिड. चारही कसोट्यांवर सगळ्यात भक्कम प्रतीक हेच. प्रेमदेवता आहे हे तेव्हाच्या कुणालाही सांगावे लागत नव्हते. तो भिंतीवर केवढा मोठा आहे ते पाहा. त्याच्या पायाशी मुखवटे आहेत आणि तो मुखवट्यावर पाय देऊन उभा आहे. ओट्टो व्हॅन व्हीन याने १६०८ मध्ये छापलेल्या प्रेमविषयक प्रतीकचित्रांत (बोधवचन जोडलेल्या छोट्या चित्रांत) मुखवटा तुडवणारा क्यूपिड येतो, त्याचा रोख असा की खरे प्रेम सोंग चालू देत नाही. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर १६७६ मध्ये घरातल्या सामानाची जी यादी झाली तिच्यातही एका क्यूपिडच्या चित्राची नोंद आहे.

---

रेघोट्या

फारच उपयोगी. मग क्यूपिड आहे म्हटल्यावर ते प्रेमपत्र, इथे अर्थ लावणे संपले का? तसे असेल तर वीस मिनिटे कशाची?

---

उंबरठा

क्यूपिडने पत्राचा विषय कळतो. पत्रात काय लिहिले आहे ते कळत नाही, आणि ते वाचून तिला काय वाटते आहे तेही नाही. मुखवटा तुडवणारा क्यूपिड पत्र लिहिणाऱ्याच्या खरेपणाची ग्वाही देतो आहे, की तिला बजावतो आहे की सोंग ओळख? दोन्ही वाचने चित्रात बसतात. तुमचे टिपण इथे सुरू व्हायला हवे.

व्हर्मीरने हेच क्यूपिडचे चित्र आणखी तीन ठिकाणी वापरले आहे, आणि दर वेळी वेगळे कापले आहे. न्यूयॉर्कच्या 'झोपलेली मोलकरीण' या चित्रात डाव्या वरच्या कोपऱ्यात त्याचा फक्त पाय आणि मुखवटा दिसतो, तोही अंधारात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'व्हर्जिनलपाशी उभी तरुणी' आहे (साधारण १६७०-७२; व्हर्जिनल म्हणजे पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य). तिथे क्यूपिड पूर्ण आहे, हातात एक पत्ता उंच धरून आहे, आणि तरुणी थेट आपल्याकडे पाहते. न्यूयॉर्कच्याच फ्रिक संग्रहात 'संगीतात खंड पडलेली मुलगी' आहे, तिथेही मागे तोच. ही चार चित्रे एका स्लाइडवर शेजारी ठेवा. तोच क्यूपिड असून चारही खोल्यांचा भाव वेगळा आहे. भाव प्रतीकातून येत नाही, हे याहून चांगले दाखवता येणार नाही.

पत्राच्या विषयाचे सूचन इतर चित्रकार कसे करतात तेही दाखवा. गॅब्रिएल मेत्सूचे 'पत्र वाचणारी स्त्री' (साधारण १६६४-६६, डब्लिन) यात मोलकरीण भिंतीवरच्या चित्राचा पडदा सारते आहे आणि खाली खवळलेल्या समुद्रातली जहाजे आहेत. प्रेम म्हणजे वादळी समुद्र, प्रियकर म्हणजे जहाज, ही तेव्हाच्या कवितेतली रुळलेली उपमा. तिथे मोलकरीण, कुत्रा, निसटलेली चप्पल, जमिनीवर पडलेले अंगुस्तान अशा सगळ्या वस्तू बोलत असतात आणि चित्र गोष्ट सांगते. व्हर्मीर इतके बोलत नाही.

---

कवडसा

भावाबद्दल लिहितो, कारण ज्यावर सगळे घाईने लिहितात ते हेच.

भाव दाखवायचा तर विशेषणे बाजूला ठेवून झाकून पाहण्याचा प्रयोग करा. प्रतिमा मोठी छापून घ्या (मूळ चित्र साधारण ए-वन कागदाएवढे आहे, तेवढी छापली तर उत्तम, नाहीतर ए-थ्री चालेल) आणि करड्या कागदाचे तुकडे कापून घ्या. करडाच घ्या, पांढरा कागद चित्रातला सगळ्यात उजळ भाग होऊन बसतो आणि सगळे बिघडवतो.

आधी उजवीकडचा हिरवा पडदा झाका. खोली एकदम रुंद होते आणि मुलगी उघडी पडते. झाकलेला कागद काढून पाहिल्यावर कळते की ती डावीकडे खिडकी, उजवीकडे पडदा आणि खाली टेबल अशी तीन बाजूंनी वेढलेली आहे, आणि आपल्याला आत जायला जमीनच दिलेली नाही. तिच्यापर्यंत पोचता येत नाही, ही जी जाणीव होते ती इथून येते.

मग बशी आणि चुरगळलेला गालिचा झाका. आता उरतात बहुतेक उभ्या-आडव्या रेषा : खिडकीची चौकट, काचांच्या शिशाच्या पट्ट्या, पडद्याची दांडी, भिंतीवरच्या चित्राची काळी चौकट. चित्र थिजते. तुकडा उचला की तिरपेपणा परत येतो. या चित्रातली अस्वस्थता चेहऱ्यावर नाही, ती टेबलावर आहे. वर स्थिर, खाली विसकटलेले. आपण 'हुरहूर' म्हणतो ती या दोन भागांच्या विसंगतीतून येते, आणि हे तुम्ही बोटाने दाखवू शकता.

नंतर क्यूपिड झाका. इथे मी वरच्या प्रतिसादांपेक्षा जरा वेगळे म्हणेन. लोकांनी अडीच शतकांहून अधिक काळ या चित्राला 'शांत' म्हटले ते क्यूपिडविना. तो आल्यावर शांतता गेली, असे अनेकांना वाटते. मला वाटते ती कमी झाली, गेली नाही. मुलीच्या डोक्यावर आता जड काळी चौकट आली आहे, भिंतीचा श्वास घ्यायचा भाग आखडला आहे, हे खरे. पण मिटलेले ओठ, खाली झुकलेल्या पापण्या, कागद दोन्ही हातांनी जवळ धरणे, हे तसेच आहे. फरक असा की आधी शांततेचे कारण कळत नव्हते, आता भिंतीवरून कुणीतरी ते सांगते आहे. रिकाम्या भिंतीचे चित्र अधिक चांगले होते असे ज्यांना वाटते त्यांची दृष्टी मला समजते, पण मग ते झाकणाऱ्या अनामिक हाताचे कौतुक करत आहेत हे त्यांनी मान्य करावे.

उजेड तपासायला प्रतिमा कृष्णधवल करा आणि डोळे किलकिले करून पाहा. कपाळ, कागद आणि खिडकीजवळची भिंत हे ठळकपणे वर येतील. आता काचेतले प्रतिबिंब पाहा : ते मंद आहे, खालच्या काचांत तुकड्या-तुकड्यांनी पडले आहे आणि तिथला चेहरा आपल्याला अधिक समोरून दिसतो. 'अंतर्मन' हा शब्द मी वापरणार नाही. दोन चेहरे आहेत, एक बाजूने आणि एक समोरून, आणि कुठल्याच चेहऱ्यावरून पत्रातला मजकूर कळत नाही, इतके लिहा. वाचणारा पुढचे स्वतः करेल.

---

चौकट

उंबरठा यांच्या 'चित्रकाराने खटपट केली आहे का' या कसोटीला एक उत्तम उदाहरण देतो, तुलनेसाठी कामी येईल. व्हर्मीरचेच 'तराजू धरलेली स्त्री', साधारण १६६४, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट. रंगवलेला भाग फक्त ३९.७ × ३५.५ सेंमी.

१६९६ च्या ॲमस्टरडॅममधल्या लिलावाच्या यादीत हे सोने तोलणारी बाई म्हणून नोंदले आहे आणि १५५ गिल्डरला गेले. पुढे मोती तोलणारी असेही नाव पडले. मग अर्थ सोपा होता : बाई धनात गुंतली आहे, मागे भिंतीवर 'अंतिम न्याया'चे (ख्रिस्ती समजुतीप्रमाणे जगाच्या शेवटी होणाऱ्या आत्म्यांच्या निवाड्याचे) चित्र आहे, म्हणजे तिला इशारा. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तराजूच्या पारड्यांत काही नाही असे दिसले. जो पिवळसर ठिपका सोने वाटत होता तो धातूवरचा उजेड आहे. चित्रात इतरत्र सोन्यासाठी वापरलेले शिसे-कथलाचे पिवळे रंगद्रव्य तिथे नाही. पारडी रिकामी आणि समतोल. एका ठिपक्याने अर्थ उलटला : ती धन तोलत नाही, तोल साधते आहे. मोती आणि नाणी टेबलावर बाजूला पडली आहेत.

खटपट कुठे दिसते? मागच्या चित्राच्या चौकटीची खालची कड पाहा. तराजूच्या बाजूला ती वर आहे, बाईच्या पाठीमागे खाली. एकाच चौकटीची कड एका रेषेत नाही, आणि खऱ्या खोलीत हे शक्य नाही. तराजूला मोकळी भिंत मिळावी म्हणून व्हर्मीरने ती वर सरकवली. खोलीच्या रेषा लांबवल्या तर लोपबिंदू (त्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) तराजू धरलेल्या बोटांजवळ येतो. आणि जिथे संत मायकेल आत्मे तोलताना दिसला असता ती जागा बाईच्या डोक्याने झाकली आहे. प्रतीक आहे असे म्हणायला असे पुरावे लागतात.

शेजारी पीटर द होखचे बर्लिनमधले 'सोने तोलणारी स्त्री' ठेवा. त्याच सुमाराचे, पोझ जवळपास तीच. तिथे खरोखर नाणी तोलली जात आहेत, भिंतीला सोनेरी नक्षीचे चामडे आहे, आणि बाजूच्या दारातून दुसरी खोली दिसते. विषय तोच असून ते घरकामाचे चित्र राहते.

आणि अति झाले की काय होते याचा इशारा : यान व्हॅन आयकचे अर्नोल्फिनी दांपत्य (१४३४, लंडनची नॅशनल गॅलरी). कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये ते चित्र म्हणजे लग्नाचा जणू दाखला आहे अशी मांडणी केली : कुत्रा म्हणजे निष्ठा, झुंबरातली एकच जळती मेणबत्ती म्हणजे देवाची साक्ष, काढून ठेवलेल्या चपला म्हणजे पवित्र भूमी. कितीतरी पिढ्यांनी ते पाठ केले. पुढे अवरक्त तपासणीत दिसले की कुत्रा, लाकडी चपला आणि भिंतीवरची माळ यांचे खाली आरेखनच नाही. त्या रंगवता रंगवता आल्या. दाखल्याचे आवश्यक भाग असे मागाहून येतील का, हा आक्षेप रास्त आहे. बाई गरोदर वाटते तेही चुण्यांचा जड झगा पुढे उचलून धरल्यामुळे. खिडकीतली संत्री मात्र बिनतक्रार बोलतात : उत्तरेकडच्या ब्रूझमध्ये ती दक्षिणेतून आणावी लागत आणि महाग पडत.

---

रेघोट्या

झाकण्याचा प्रयोग वर्गातच करून दाखवतो. शेवटचे दोन प्रश्न. टिपणातली भाषा कशी ठेवावी, म्हणजे 'आहे' कुठे आणि 'असावे' कुठे? आणि आपल्याकडच्या चित्रांना हीच रीत लावता येईल का? शेवटची दोन मिनिटे त्यासाठी ठेवली आहेत.

---

उंबरठा

भाषेसाठी साधी शिस्त : डोळ्याला दिसते त्याला 'आहे'. तेव्हाच्या चालीरीतीचा दाखला असेल तिथे 'असे', 'करत'. अर्थ तुमचा असेल तिथे 'असे वाचता येते' किंवा 'मला वाटते'. एका वाक्यात हे तिन्ही कोंबू नका. नमुना म्हणून :

'टेबलावरची बशी कलंडली आहे आणि चिरलेल्या पीचची बी प्रेक्षकाकडे आहे. भिंतीवरचा क्यूपिड मुखवट्यावर पाय देऊन उभा आहे. सोंगाला प्रेमात जागा नाही असे दाखवणारी प्रतीकचित्रे तेव्हा छापील स्वरूपात उपलब्ध होती. वाचणारीचा चेहरा मात्र काहीच उघड करत नाही. उघडे फळ, उघडा पडलेला मुखवटा आणि बंद चेहरा यांच्यामध्ये चित्र आपल्याला उभे करते असे वाचता येते.'

यात कुठेही 'म्हणजे' नाही, तरी अर्थ पोचतो. 'गूढ', 'काव्यात्म', 'तरल' हे शब्द पहिल्या मसुद्यातून खोडा. त्यांच्या जागी जे दिसते ते लिहा. चरित्रातूनही अर्थ ओढू नका. मुलगी व्हर्मीरची बायको होती का, यावर एक ओळही खर्च करू नका. त्याने चित्रातले काहीच उलगडत नाही.

---

कवडसा

आपल्याकडच्या चित्रांना रीत लागते, किल्ली लागत नाही. म्हणजे चार प्रश्न तेच, उत्तरे शोधायची जागा वेगळी. पेस्तनजी बोमनजींनी रंगवलेली पारशी घरे पाहताना डच प्रतीकचित्रे काही कामाची नाहीत. तिथे पारशी घरातली रीत, कपडे, सामान ठाऊक हवे.

दोन मिनिटांसाठी सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र घ्या, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले. बऱ्याचदा ते रविवर्म्याचे म्हणून फिरते, तेव्हा स्लाइडवर चित्रकाराचे नाव ठळक लिहा. ते जलरंगातले आहे हेही सांगा, कारण जलरंगात उजळ जागा कागदाच्या पांढरेपणातून राखाव्या लागतात आणि चूक झाकायला वाव कमी. मराठी माणूस दिवा पाहताच मांगल्य म्हणतो. तसे म्हणण्याआधी हात पाहायला सांगा : एका हाताने ती दिवा धरते, दुसऱ्याने ज्योतीला आडोसा करते, आणि उजेड त्या बोटांतून लालसर झिरपतो. व्हर्मीरकडे उजेड बाहेरून येतो आणि कोण बाहेर आहे ते कळत नाही. इथे उजेडाचा उगम चित्राच्या आत, तिच्याच हातात आहे, आणि तो विझू नये ही काळजी बोटांत दिसते. मांगल्याचा मुद्दा त्यानंतर आणलात तर तो चित्रातून आलेला वाटेल.

---

तैलगंध

प्रोजेक्टरबद्दल राहिले होते. वर्गातले प्रोजेक्टर गडद भाग बुजवतात, म्हणून पडद्याच्या चुण्या आणि काचेतले प्रतिबिंब दिसणार नाहीत. त्या दोन भागांच्या वेगळ्या मोठ्या स्लाइड करा. पूर्ण चित्राच्या स्लाइडला मागची पाटी काळी न ठेवता मध्यम करडी ठेवा, नाहीतर भिंत आहे त्याहून पांढरी भासते. २०२१ च्या आधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी दाखवणार असाल तर दोन्हींची उंची सारखी कापून घ्या आणि आधीच्या प्रतिमेचा पिवळेपणा संगणकावर 'दुरुस्त' करू नका. तो व्हार्निशचा पुरावा आहे, तसाच दिसू द्या.